सात टँक आणि एक सेंच्युरियन

आमच्या कंपनीत सात टँक होते. हे वाक्य पुण्या-मुंबईत बोललं तर कुणाची पापणी हलत नाही, नगरमध्ये मात्र जपून बोलावं लागतं. एका लग्नाच्या पंगतीत मी ते सहज बोलून गेलो, तर शेजारच्या पाहुण्यांनी जिलेबीचा तुकडा हातात तसाच धरून विचारलं, "रेजिमेंट कुठली तुमची?" चूक त्यांची नव्हती. ज्या गावात १९४८पासून चिलखती दळाचं केंद्र आणि शाळा आहे, जिथं खारे कर्जुन्याच्या बाजूला के. के. रेंजवर गोळाफेक सुरू झाली की घरातली तावदानं वाजतात, तिथं टँक म्हणजे रणगाडाच.

आमचे टँक म्हणजे नागापूरच्या एमआयडीसीतल्या एका पेंट शॉपमधले हौद. पहिल्यात गरम अल्कली, तेल-ग्रीस सोडवायला. दुसऱ्यात पाणी. तिसऱ्यात ॲसिड, गंज खायला. पुन्हा पाणी. पाचव्यात फॉस्फेट. पुन्हा पाणी. आणि सातव्यात पॅसिव्हेशनचं द्रावण. पत्र्याचा भाग आकड्याला लटकून पहिल्या हौदात चकाकत शिरायचा आणि सातव्यातून राखेसारखा करडा होऊन बाहेर यायचा. नवीन लागलेल्या पोरांना वाटायचं, चांगला चकचकीत माल आपण बिघडवतोय. त्या करड्या थराला बोट लावलं की किंचित खरखर जाणवायची. रंगाला धरायला तेवढंच लागतं. गन हातात धरून फवारा मारणाऱ्याला सगळी कंपनी ओळखायची. हौदांवरच्या माणसाला कुणी विचारायचं नाही, पण रंगाचा पोपडा निघाला की पहिली हाक त्याला. तो माणूस मी. अठरा वर्षं.

हे एवढं सांगायचं कारण असं, की पुढे जी फजिती सांगणार आहे ती करायला मला काहीच सबब नव्हती.

कंपनीतली हौदांची लाइन बंद झाल्यावर मी घरामागच्या शेडमध्ये मॉडेलं करू लागलो. सुरुवात मुलाच्या प्लॅस्टिकच्या किटवरून झाली. तो दोन चाकं चिकटवून क्रिकेटला पळाला आणि मी मात्र त्यात अडकलो तो अडकलोच. नगरमध्ये या कामाला गिऱ्हाईक असतं. कुणी बदली होऊन जाणारा, कुणी निवृत्त होणारा, कुणाला वडिलांच्या फोटोखाली ठेवायला त्यांची गाडी हवी असते. लष्करातले लोक टँकला 'गाडी'च म्हणतात, हे मला तेव्हा कळलं.

पंधराएक वर्षांपूर्वी भिंगारचे एक निवृत्त रिसालदारसाहेब शेडमध्ये आले. पायजमा, पांढरा सदरा, पायात मात्र काळे, पॉलिश केलेले बूट. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "सेंच्युरियन पाहिजे."

सेंच्युरियनला नगरमध्ये नेहमीच मागणी. १९६५मध्ये लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर आणि १९७१मध्ये बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, दोघेही पूना हॉर्सचे, दोघांनाही मरणोत्तर परमवीरचक्र, आणि दोघांचीही गाडी सेंच्युरियन. खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ला पडले तेव्हा २१ वर्षांचे होते. त्यांची 'फामागुस्ता' नावाची गाडी नगरच्याच केंद्रात जपून ठेवली आहे. त्यामुळे मला वाटलं, यांनाही तीच हवी असणार. मी तसं विचारलं.

"नाही. साधी पाहिजे. मी चालवायचो ती. नंबर लिहून देतो."

किट प्लॅस्टिकचं, एकास पस्तीस मापाचं. पण साहेबांना भाग हलके वाटले. "एवढी हलकी गाडी बघून हसू येईल. पन्नास टनांची होती ती." म्हणून ठरलं, की जमेल तिथं धातू घालायचा. तोफेची नळी ॲल्युमिनियमची, एमआयडीसीतल्या एका टर्नर मित्राकडून लेथवर उतरवून. मडगार्ड आणि बाजूच्या पडद्यासारख्या प्लेटा पातळ पितळी पत्र्याच्या. ट्रॅकच्या कड्या व्हाइट मेटलच्या, एकेक ओतलेली, तारेनं ओवायची. खरी तोफ ८४ मिलिमीटरची, तिची नळी साडेपाच मीटरच्या वर. माझ्या मापात सोळा सेंटिमीटर, शाळेतल्या पट्टीपेक्षा थोडी मोठी.

आता प्रायमर. शेडमध्ये रेड ऑक्साइडचा डबा होता. गेटला, ग्रिलला, पत्र्याच्या पेटीला, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला आपण जन्मभर तोच मारत आलो. लोखंड म्हटलं की रेड ऑक्साइड, एवढं हे हातात बसलेलं. आणि हाताला काय ठाऊक, समोर लोखंड नाही म्हणून? नळी मी पेट्रोलच्या फडक्यानं पुसली, रेड ऑक्साइड पातळ करून त्याचे दोन हात मारले, दोन दिवस वाळवली, वर ऑलिव्ह ग्रीन मारला. सुंदर दिसत होती. साहेबांना नळीच्या टोकाकडे एक पांढरी पट्टी हवी होती, म्हणून मास्किंग टेप लावली आणि पट्टी मारली. टेप काढायला घेतली तेव्हा नेमके साहेब समोर स्टुलावर बसलेले.

टेपबरोबर हिरवा आला, हिरव्याबरोबर लाल आला, आणि आतून ॲल्युमिनियम स्टीलच्या ताटासारखं लख्ख. एक तुकडा नव्हे. चार बोटं लांबीपर्यंत नळी पूर्ण सोलून निघाली, उकडलेल्या बटाट्याचं साल निघावं तशी.

साहेब काही वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पेंटर, नळीचा रंग भाजतो. काळा पडतो. असा सापाच्या कातेसारखा निघालेला मी कधी बघितला नाही."

अठरा वर्षं सात हौदांवर काढलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. कंपनीत मी पोरांना ज्या चुकीसाठी ओरडायचो, तीच मी घरी केली होती आणि एकदा नाही, दोनदा. पहिली चूक पेट्रोलची. पेट्रोलनं पुसलेलं स्वच्छ दिसतं, पण पेट्रोल उडताना आपला तेलकट थर मागे ठेवून जातं. लेथवरचं कूलंट त्या चकाकत्या नळीवर होतंच, मी ते फडक्यानं सगळीकडे सारखं पसरवलं एवढंच. दुसरी चूक रेड ऑक्साइडची. तो प्रायमर म्हणजे लोहभस्म आणि अल्कीड, म्हणजे तेलाच्या जातीचं राळ. लोखंडाच्या खडबडीत, किंचित गंजाळलेल्या अंगाला तो मिठी मारतो. ॲल्युमिनियमचं अंग वेगळं. हवा लागली की क्षणात त्यावर त्याच्याच ऑक्साइडचा पातळ, कडक, गुळगुळीत पापुद्रा येतो. ॲल्युमिनियम सडत नाही ते त्यामुळेच, आणि रंग त्याला धरत नाही तेही त्यामुळेच. जस्ताच्या पत्र्यावर तर अल्कीड मारायची त्याहून मोठी शिक्षा: जस्त त्या तेलाशी हळूहळू साबण बनवतं आणि वर्षा-दोन वर्षांत रंग आपोआप सुटतो. जीआयच्या पत्र्यावरून पोपडे निघालेली शेडं तुम्ही एमआयडीसीत कितीतरी पाहिली असतील. दोष पावसाला दिला जातो.

ओळखीचे एक चाचा गाड्यांचं पेंटिंग करायचे. स्टेशन रोडकडच्या गल्लीत गॅरेज, छपराला टांगलेले दरवाजे आणि बोनेट, खाली बाकड्यावर चहा. मी नळी रुमालात गुंडाळून नेली. त्यांनी नखानं उरलेला रंग काढला, नळी उजेडात धरली.

"एसटीची जुनी बॉडी कशाची हाय?"

"ॲल्युमिनियमची."

"मंग तिला कुनी रेड ऑक्साइड लावतं का रं? एच प्रायमर लावत्यात."

लेथवरून नळी उतरवून आणणाऱ्या मला हे सुचू नये आणि बसच्या बॉड्या रंगवणाऱ्या माणसाला पहिल्या नजरेत कळावं. चाचांनी फळीवरून दोन डबे काढले. एकात पिवळट हिरवं, वरणासारखं दाट. दुसऱ्यात पाण्यासारखं पातळ, नाकाला झोंबणारं. हे एच प्रायमर किंवा वॉश प्रायमर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन नौदलासाठी जहाजांच्या धातूकरता बनवलं गेलं. पिवळ्या डब्यात पॉलिव्हिनाइल ब्यूटिरल नावाचं राळ आणि झिंक क्रोमेट, पातळ डब्यात स्पिरिटात फॉस्फोरिक ॲसिड. दोन्ही एकत्र केले की ॲसिड धातूचा वरचा पापुद्रा किंचित खातं, तिथल्या तिथं फॉस्फेट तयार होतं आणि राळ त्यात रुतून बसतं. थोडक्यात, माझा पाचवा हौद आणि रंगाचा पहिला हात एकाच फवाऱ्यात. हे कळलं तेव्हा मला स्वतःची लाजच वाटली. कंपनीतला माझा पाचवा हौद इथं एका वाटीत मावत होता.

चाचांनी समसमान मिसळलं, मिश्रण तसंच ठेवलं आणि चहा सांगितला. "लगेच न्हाई मारायचं. पंधरा-वीस मिनिटं त्याला त्याचं काम करू दे." चहा झाल्यावर गन घेतली, नळीवरून एकदा फिरवली आणि बंद केली. मला वाटलं, बघून घेताहेत.

"मारा की चाचा."

"मारलं."

नळीवर जेमतेम पिवळी झाक होती. खालचं ॲल्युमिनियम आरपार दिसत होतं. मला ते पुरेसं वाटेना. घरी येऊन दुसऱ्या नळीवर मी माझ्या समाधानाचा भरगच्च हात मारला आणि तो तीन दिवस चिकट राहिला. वर रंग मारला तर सुरकुत्या. ॲसिडला भिडायला धातू लागतो. जाड थरात वरच्या ॲसिडला धातू सापडत नाही, ते तसंच मधे अडकून राहतं आणि थर मऊ राहतो. चाचांना सांगितलं तर ते हसले. "तुला म्हनलं नव्हतं? हा रंग न्हाई. नुसती वाफ दाखवायची."

वाफ दाखवायची हे शब्द मी तेव्हापासून वापरतो. मिसळलेलं मिश्रण एका पाळीपुरतं, आठेक तास. मग ते कितीही उरलेलं असो, फेकायचं, दुसऱ्या दिवशी जपून ठेवलेलं वापरायचं नाही. गन लगेच धुवायची, नाहीतर ॲसिड गनलाच खातं. एअरब्रशची एक सुई मी अशी घालवली आहे. आणि तोंडाला रुमाल बांधून हे काम करायचं नाही, हे मी जरा उशिरा शिकलो. क्रोमेटचा पिवळा रंग दिसायला गोड, पण तो कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पदार्थांत मोडतो. आता क्रोमेट नसलेले, झिंक फॉस्फेटचे एच प्रायमर मिळतात. मी तेच आणतो, आणि तरीही कार्ट्रिजचा मास्क लावतो. चाचा मात्र शेवटपर्यंत रुमालावरच राहिले. मास्क आणून दिला होता, तो गॅरेजमध्ये खुंटीला तसाच होता.

मॉडेलवाल्याला या पातळपणाचा आणखी एक फायदा आहे, तो बसवाल्याला लागत नाही. साधा हिशेब करून पाहा. ब्रशनं मारलेला प्रायमरचा थर चाळीस मायक्रॉनचा धरला, म्हणजे मिलिमीटरचा पंचविसावा हिस्सा, तर एकास पस्तीस मापात तो १.४ मिलिमीटर होतो. एकास बहात्तरमध्ये जवळजवळ तीन. खऱ्या टँकवर तीन मिलिमीटर जाडीचा रंग कल्पून बघा: बोल्टांची डोकी बुजतील, जाळीची भोकं भरतील, वेल्डची रेघ गायब होईल. एच प्रायमरचा थर पाच ते दहा मायक्रॉन. पितळी जाळी त्यात जाळीच राहते.

पितळेनं मला वेगळं शिकवलं. तिथं मी सावध होतो. मडगार्ड वाकवून, डाख देऊन जोडले. डाख धरायला जस्त खाऊन निवलेलं ॲसिड वापरलं, पूर्वीचे पत्रेवाले वापरायचे तेच. पाण्यानं धुतलं, वाफेइतकं एच प्रायमर मारलं, वर हिरवा. सगळं छान. महिन्याभरानं जोडाच्या कडेनं रंगाखालून हिरवट फोड वर येऊ लागले. मॉडेल हिरवंच असल्यानं आधी लक्षात आलं नाही. आईनं बघितलं आणि म्हणाली, "कळकलंय हे."

कल्हई गेलेल्या पितळेच्या पातेल्यात ताक ठेवलं की जे होतं, तेच. जोडाच्या फटीत राहिलेल्या ॲसिडनं रंगाच्या आत बसून आपलं काम चालू ठेवलं होतं. नुसतं पाणी तिथं पोचत नाही. तेव्हापासून डाखाच्या कामाला गरम पाण्यात सोडा टाकून ब्रशनं घासणं, मग पुन्हा साधं पाणी, मग वाळवणं, असं चालतं. आणि घासण्याआधी चिंच. हो, चिंच. लहानपणी आमच्या आळीत कल्हईवाला यायचा. भाता, जमिनीत खळगा, तांबडं झालेलं पातेलं, आणि त्यावर फेकलेली नवसागराची चिमूट. भसकन पांढरा धूर यायचा आणि आम्ही पोरं खोकत मागे सरायचो. मग कथलाची कांडी टेकवून कापसानं एक फेर, आणि चांदी पसरल्यासारखी कल्हई. नवसागराचा धूर कशाला, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. पातेल्यावरचं ऑक्साइड उडवायला. त्याशिवाय कथील धरत नाही. कल्हईवाल्याला फॉस्फेट नि पॅसिव्हेशन माहीत नसेल, पण आमच्या पेंट शॉपची अर्धी लाइन तो एका चिमटीत करायचा. मी नवसागर वापरत नाही, ते क्लोराइड मागे राहिलं तर पुन्हा कळकणार. चिंचेच्या कोळानं पितळ गुलाबीसर उजळलं की भरपूर पाण्याखाली धुतो, आठशे नंबरच्या वॉटर पेपरनं हलकेच खरखरीत करतो, थिनरनं पुसतो, आणि त्यानंतर हात लावत नाही. हात लावत नाही म्हणजे खरंच नाही. एका पोरानं, मदतीला यायचा तो, धुतलेली प्लेट उचलून "किती भारी झालीय काका" म्हणत मला दाखवली. पंधरा दिवसांनी रंगाखाली त्याच्या अंगठ्याचा ठसा उमटला, रेषांसकट. पोलिसांनासुद्धा इतका स्वच्छ मिळत नसेल.

ट्रॅकच्या व्हाइट मेटलबद्दल थोडक्यात. कथील आणि शिशाचं हे मिश्रण मऊ असतं, नखानं ओरखडा जातो, आणि साच्यातून सुटावं म्हणून लावलेली पावडर अंगाला असते. साबणाच्या कोमट पाण्यात टूथब्रशनं घासलं, नीट वाळवलं, की प्रायमर त्यालाही धरतो. त्रास प्रायमरचा झाला नाही, पेटीचा झाला. एका गिऱ्हाइकानं मॉडेल काचेच्या पेटीत ठेवलं, काचा सिलिकॉननं जोडलेल्या, तळाला लाकडी पाट. दोन वर्षांनी ट्रॅकच्या आतल्या बाजूला पिठासारखी पांढरी भुकटी. प्रायमर आतल्या बाजूला पोचलाच नव्हता, हे माझं चुकलं. पण भुकटी कशाची? ते सिलिकॉन वाळताना व्हिनेगरसारखा वास येतो ना, तेच ॲसेटिक ॲसिड. लाकडातूनही ते थोडं थोडं सुटत राहतं. बंद पेटीत ते शिशाला खातं आणि शेवटी शिशाचं पांढरं कार्बोनेट उरतं. मोठमोठ्या संग्रहालयांत जुन्या जहाजांच्या मॉडेलांवरचे शिशाचे नांगर नि तोफा अशाच भुकटी होऊन गेल्या आहेत. आता मी कड्या ओवण्याआधी सगळ्या बाजूंनी प्रायमर मारतो, बिनवासाचं सिलिकॉन वापरा म्हणून सांगतो, आणि पेटीला मागच्या बाजूनं दोन भोकं ठेवायला लावतो. भोकांवरून लोक वाद घालतात. धूळ जाईल म्हणतात. नगरची धूळ पेटीला भोक नसलं तरी जाते.

धुळीचं खरंच काही करता येत नाही. आषाढात वारा सुटतो, पाऊस मात्र सह्याद्रीच्या पलीकडेच अडतो, आणि ओल्या रंगावर बारीक माती बसते. रेंजवर गोळे पडायला लागले की छपरावरचीही खाली येते. श्रावणातली रिमझिम आली की दुसरी पीडा: थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतला ओलावा रंगात शिरतो आणि रंग पांढरा फटक पडतो. म्हणून पावसाळी सकाळी मी गनला हात लावत नाही. उन्हं वर आली, फरशी कोरडी झाली, की शेड पाण्यानं शिंपडून धूळ बसवतो, अर्धा तास थांबतो, मगच.

पुण्याहून येणारी मुलं हल्ली जपानी बाटली दाखवतात. काचेसारखा पारदर्शक मेटल प्रायमर, झाकणालाच ब्रश. "काका, हा बरा की तुमचा गॅरेजचा?" मी ती वापरून बघितली आहे. चांगली आहे. वास कमी, क्रोमेट नाही, आणि मुख्य म्हणजे प्लॅस्टिकवर चुकून सांडली तर माझ्या डब्यासारखा अनर्थ होत नाही. गॅरेजचं थिनर कडक, पॉलिस्टायरीनला ते सरळ विरघळवतं. म्हणून मी धातूचे भाग वेगळे रंगवून मग प्लॅस्टिकला जोडतो, आणि जिथं चिकटवायचं तेवढ्या जागेवर टेपचा तुकडा ठेवतो, कारण सुपरग्लू उघड्या धातूला जितका धरतो तितका रंगाला धरत नाही. नळी रंगासकट हातात येते. घरात, गॅलरीत काम करणाऱ्यानं बाटलीच घ्यावी. पण ती न पुसलेल्या नळीवर लावली तर तिचीही सालं निघतात, हे मी एका मुलाला त्याच्याच मॉडेलवर करून दाखवलं. त्याला ते फारसं आवडलं नाही.

काम झाल्यावर मी अजून कंपनीतली परीक्षा घेतो. सोबत रंगवलेल्या फालतू तुकड्यावर ब्लेडनं सहा उभ्या, सहा आडव्या चिरा, मिलिमीटरच्या अंतरानं, पंचवीस चौकोन. वर टेप दाबायची आणि झटक्यात ओढायची. एक चौकोनही नाही निघाला तर पास. साहेबांच्या नळीसाठी मी अशा चार तुकड्यांवर चार प्रायमर मारले. रेड ऑक्साइडचे पंचवीसच्या पंचवीस गेले. थिनरनं धुऊन, घासून मारलेल्या रेड ऑक्साइडचे दहा-बारा. धुऊन, घासून, वाफ दाखवलेल्या एच प्रायमरचा एकही नाही. चौथा तुकडा न धुता एच प्रायमर मारलेला. त्याचे सात गेले. हा चौथा मी अजून जपून ठेवला आहे, डब्यावरच विश्वास टाकणाऱ्यांना दाखवायला.

मॉडेल पूर्ण करण्याआधी साहेब मला रणगाडा संग्रहालयात घेऊन गेले. फेब्रुवारी १९९४मध्ये ते उघडलं तेव्हा मी कंपनीच्या सहलीबरोबर गेलो होतो, पण तेव्हा माझं लक्ष तोफांकडे होतं. या वेळी मी रंगाकडे बघत हिंडलो. पन्नासेक गाड्या, बऱ्याचशा उघड्यावर. रोल्स रॉइसची सिल्व्हर घोस्ट चिलखती गाडी, माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, पाकिस्तानकडून जिंकून आणलेली पॅटन. वर्षानुवर्षांच्या उन्हापावसासाठी रंगाचे थरावर थर चढलेले. कडा गोल झालेल्या, ओतीव पोलादावरचे अक्षरांचे उठाव मेणात बुडवल्यासारखे. मी नखानं एक कड चाचपली. साहेबांनी माझा हात धरला. "पेंटर, हात लावायचा नसतो." मग स्वतःच सेंच्युरियनच्या पुढच्या उजव्या मडगार्डवर तळवा ठेवून बराच वेळ उभे राहिले. ड्रायव्हरची जागा त्याच बाजूला. मी जरा पुढे जाऊन माटिल्डा बघत बसलो.

मॉडेल न्यायला आले त्या दिवशी त्यांनी काहीही न बोलता आधी नळीवरून नख ओढलं. जोरात. एकदा, दोनदा. काही निघालं नाही. मग खिशातून घराची किल्ली काढली. मला वाटलं, आता नळी जाते. पण किल्ली त्यांनी पुढच्या उजव्या मडगार्डच्या कडेवर टेकवली आणि छोटे छोटे ओरखडे ओढू लागले, अगदी शांतपणे, चष्मा कपाळावर सरकवून. पितळेवरचा हिरवा चार-पाच ठिकाणी खरवडला गेला.

"साहेब, काय करताय?"

"इथून चढायचो. बूट घासायचा. इथं रंग कधी राहिलाच नाही."

ओरखड्यांतून एच प्रायमरचा पिवळा दिसत होता. किल्ली पितळेपर्यंत पोचली नव्हती, त्याचा मला मनातल्या मनात आनंद होत होता. साहेब मात्र नाराज झाले.

"हे हळदीसारखं काय निघालं?"

मी सांगितलं. ॲसिड, फॉस्फेट, बसची बॉडी, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं.

"ते ठीक आहे. पण आमच्या गाडीचा हिरवा गेला की खाली लाल निघायचा."

बरोबरच होतं. खरी गाडी पोलादाची. पोलादावर रेड ऑक्साइडच. फळीवर मागे सरकवून ठेवलेला तो डबा मी खाली घेतला. वर साय धरली होती, ती काडीनं बाजूला केली, ढवळलं, आणि शून्य नंबरच्या ब्रशचं टोक बुडवून एकेका ओरखड्यात तांबड्याचा ठिपका भरत गेलो. साहेब खांद्यावरून वाकून जागा दाखवत होते. "इथं जास्त. इथं कमी. हां. या कोपऱ्यात टाच लागायची."